माकडं अचानक का मेली? पिंजऱ्यातल्या जनावरांच्या परजीवींबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात गुरांच्या जंतांवर लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातली अर्धीअधिक गुरांबद्दल नव्हतीच, रानातून आणून ठेवलेल्या, वाचवलेल्या, हौसेने पाळलेल्या जनावरांबद्दल होती. म्हणून या वेळचं पान त्यांनाच. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलंय त्यामुळे फक्त गाव दिलंय. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, की जंगली जनावर कणखर असतं, त्याला जंतांनी काय होणार. रानात बऱ्याच अंशी खरं आहे ते, पण पिंजऱ्यात नाही.

प्रश्न: आमच्या बाजूच्या गावात एका फार्महाऊसवाल्याने छोटी परदेशी माकडं आणून ठेवली होती, स्क्विरल मंकी म्हणतात ती. चार दिवसांत तीन मेली. आदल्या संध्याकाळी नीट फळं खात होती आणि सकाळी बघतो तर पिंजऱ्याच्या तळाला पडलेली. उंदीर होऊ नयेत म्हणून तिथे मांजरं पाळलीत ती सोडली तर दुसरं जनावर नाही. मालक म्हणतो कुणीतरी विष घातलं आणि संशय आमच्या वाडीतल्या पोरांवर. खरंच विष असेल का? — एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर: दादा, पोस्टमार्टेम झालेलं नसेल तर ठामपणे कुणालाच सांगता येणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून माझ्या डोक्यात पहिलं नाव विषाचं आलं नाही, टॉक्सोप्लाझ्माचं आलं. आणि तुम्ही जे सहज एका ओळीत लिहून गेलात ना, मांजरं सोडली तर दुसरं जनावर नाही, तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे.

टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशी परजीवी. 1908 साली ट्युनिसमध्ये गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात तो पहिल्यांदा सापडला, पण तो पसरतो कसा हे कोडं सुटायला 1970 उजाडलं. त्याचं खरं घर म्हणजे मांजर आणि मांजराच्या कुळातले प्राणी. मांजराला, विशेषतः पिल्लाला, पहिल्यांदा लागण झाली की एक-दोन आठवडे त्याच्या विष्ठेतून लाखोंनी पुटी, म्हणजे कवचात बंद असलेले परजीवी, बाहेर पडतात, मांजर मात्र दिसायला ठणठणीत. या पुटी बाहेर एक ते पाच दिवसांत लागण करण्याइतक्या तयार होतात आणि ओल्या सावलीच्या मातीत वर्षभरसुद्धा जिवंत राहतात. फिनेल ओतून त्या मरत नाहीत, ब्लीचिंगनेही नाही, कडकडीत गरम पाण्याने मात्र मरतात.

आता माकडांकडे या. आपल्याकडचं वानर आणि लाल तोंडाचं माकड यांना टॉक्सोप्लाझ्मा झाला तरी सहसा निभावून नेतात. पण दक्षिण अमेरिकेतली माकडं, म्हणजे स्क्विरल मंकी, मार्मोसेट, टॅमरिन, ही झाडाच्या शेंड्यावर राहणारी, मांजराच्या विष्ठेशी त्यांचा पिढ्यानपिढ्या संबंध नाही, त्यामुळे त्यांच्या शरीराला हा शत्रू ओळखताच येत नाही असं मानलं जातं. मादागास्करचे लेमूर आणि ऑस्ट्रेलियाचे कांगारू, वॉलबी यांचंही तेच, त्या दोन्ही ठिकाणी मुळात मांजरंच नव्हती, माणसाने नेली. म्हणून ही जनावरं आजारी पडलेली दिसतच नाहीत, थेट मेलेली दिसतात. पोट उघडलं की यकृतावर टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके, आतड्याजवळच्या गाठी सुजलेल्या, आणि फुफ्फुस दाबलं की फेसाळ पाणी सुटतं. हे चित्र दिसलं की विषाचा संशय मागे पडतो, पण पक्कं व्हायला तुकडे लॅबला जावेच लागतात.

मांजर पिंजऱ्यात शिरायची गरज नसते. फळं ठेवायच्या खोलीत, लाकडाच्या भुशाच्या पोत्यावर किंवा पिंजऱ्यात घालायच्या पाल्याच्या ढिगावर मांजर शी करून गेलं की झालं, बाकीचं काम झुरळं, माश्या आणि आपल्या चपला करतात. कच्च्या मांसातूनही जातो हा. उपचार आहेत, सल्फाची औषधं आणि पायरीमेथामाइन, पण या माकडांत वेळ मिळतच नाही. जी जिवंत असतील त्यांचं खाणं आजच्या आज मांजरांपासून बंद खोलीत हलवायला सांगा. आणि मालकाला एवढं नक्की सांगा की पोरांवर आळ घ्यायच्या आधी पुढचं जनावर मेलं तर पोस्टमार्टेम करून घ्या. शिवाय अशा परदेशी जनावरांची केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, ती केलीय का तेही विचारा, कारण नोंद नसली की लोक डॉक्टरलाच बोलवत नाहीत आणि जनावर विनाकारण जातं.

घरात कुणी बाई गरोदर असेल तर मांजराची घाण तिने काढू नये आणि मटण पूर्ण शिजवून खावं, इतकं पुरे, मांजर हाकलून द्यायची गरज नाही.

प्रश्न: विजेच्या तारेला लागून आई मेली म्हणून वानराचं पिल्लू आम्ही घरी आणलं. माझ्या मुलांनी त्याला जीव लावला. आमच्यातलंच खायचं, चपाती, भात, बिस्किट, दूध. दोन महिने छान होतं, मग आव पडायला लागली, रक्त पडलं आणि तीन दिवसांत गेलं. मेडिकलमधून जुलाब थांबायची गोळी आणून दिली होती. आमचं काय चुकलं? मुलं अजून रडतात. — एक ताई, गुहागर

उत्तर: ताई, तुम्ही त्याला रस्त्यावर सोडून दिलं नाहीत, जीव लावलात, हे आधी सांगतो. पुढचं स्पष्ट लिहितोय, कारण असं पिल्लू घरी आणणारी घरं कोकणात खूप आहेत आणि त्यांनी हे वाचायला हवं.

वानराचं पोट आपल्यासारखं नसतं. ते पाल्यावर जगणारं जनावर, त्याचं जठर मोठं, कप्प्याकप्प्यांचं, त्यात पाला आंबवणारे जिवाणू राहतात. आपल्या जठरात कडक आम्ल असतं, त्याच्या पुढच्या कप्प्यांत तसं नसतं. आता आव पाडणारा जो अमिबा आहे, एंटअमिबा हिस्टोलिटिका, त्याच्या पुटी आपल्या पोटातून पार होऊन मोठ्या आतड्यात जाऊन त्रास देतात, पण पाला खाणाऱ्या माकडांत त्या जठरातच उघडतात आणि जठराच्या भिंतीलाच व्रण पाडतात. कधीकधी तिथून रक्तावाटे यकृतात जाऊन गळू होतं. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत वानरं आणि आफ्रिकेतली कोलोबस माकडं अशी गेलेली आहेत.

अमिबा आला कुठून तर बहुतेक वेळा माणसाकडूनच. आपल्यातली कितीतरी माणसं पुटी बाहेर टाकत असतात आणि त्यांना काहीच होत नसतं. न धुतलेला हात, विहिरीचं न उकळलेलं पाणी, मुलाच्या ताटातला उरलेला घास. त्यात चपाती-बिस्किट-साखरेने पोटातले पाला पचवणारे जिवाणू मेलेले, पोट आधीच आंबलेलं, म्हणजे अमिबाला मोकळं रान. नेमकं हेच झालं असं मी पोस्टमार्टेमशिवाय म्हणणार नाही, हे जिवाणूंनीही होऊ शकतं, पण दोन्हीकडे मूळ तेच, खाणं आणि माणसाची सोबत. नुसती जुलाब थांबवायची गोळी अशा वेळी अपाय करते, कारण घाण आतच राहते. ताजी शी गरम असतानाच लॅबमध्ये नेली तर काचेवर अमिबा सरपटताना दिसतो, आणि दिसला की मेट्रोनिडाझोल काम करतं, पण डोस वजनावर काढायचा असतो तो डॉक्टरनेच.

आणि एक. वानर घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, हेतू चांगला असला तरी. असं पिल्लू मिळालं की 1926 या वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन करा. कळपात परत घेतलं जाण्याची शक्यता पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त असते, आपण महिनाभर सांभाळत बसलो की ती जाते. मुलांना सांगा की त्यांच्या प्रेमाने ते मेलं नाही.

प्रश्न: डॉक्टरानू, आमच्या काजीच्या बागेत दोन माकडां मेलेली गावली. गाववाले म्हणतत हात लावू नको, माकडताप होतलो. तुम्ही म्हणतास जंत नि परजीवी, मगे गोचीड पण परजीवीच मां? माकडां गोचडीन मरतत काय? — दोडामार्ग

उत्तर: गाववाले अगदी बरोबर सांगतायत, हात लावू नका. गोचीड परजीवीच, पण माकड गोचडीने मरत नाही, गोचडीच्या लाळेतून जो विषाणू जातो त्याने मरतं. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजेच माकडताप. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने पडायला लागली, तेव्हा हा सापडला. आपल्या सिंधुदुर्गात 2016 पासून दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात याचे रुग्ण निघालेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

मेलेलं माकड धोक्याचं का तर शरीर थंड झालं की त्याच्यावरच्या गोचड्या उतरतात आणि आजूबाजूच्या पाल्यापाचोळ्यात नवीन जनावराची वाट बघत बसतात. मोठ्या गोचडीपेक्षा तिची पिल्लं जास्त घातक, तिळापेक्षा लहान, अंगावर चढली तरी कळत नाही. आणि त्यांचा हंगाम म्हणजे नेमका डिसेंबर ते मे, म्हणजे आपला काजू गोळा करायचा, पालापाचोळा काढायचा, लाकूडफाट्याला जायचा हंगाम. म्हणून मेलेलं माकड दिसलं की लांबूनच वनखात्याला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, ते जागेभोवती पावडर मारतात. पुरायला किंवा जाळायला स्वतः जाऊ नका. बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँटचे पाय मोज्यात, उघड्या अंगाला आरोग्य खात्याकडून मिळणारं तेल, आणि घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, अंघोळ करून काखा-जांघा बघायच्या. गुरं त्या बाजूला चरायला सोडू नका, मोठ्या गोचड्या त्यांच्याच अंगावर वाढतात आणि गोठ्यापर्यंत येतात.

अचानक थंडी वाजून जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडणं, असं झालं तर डॉक्टरला बागेत गेलो होतो हे आपणहून सांगा. यावर थेट मारणारं औषध नाही, वेळेवर सलाईन आणि देखरेख हाच उपचार, आणि शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात म्हणजे अंगावर काढण्यासारखा ताप नव्हे. माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे घरात ताप आलेल्याला वेगळं टाकू नका, त्याची सेवा करा.

प्रश्न: मी वेटर्नरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर संगमेश्वरला. आमच्याकडे विहिरीत पडलेले, फासकीत अडकलेले बिबटे पिंजऱ्यात ठेवावे लागतात. नंदनकाननच्या वाघांसारखं त्यांना सऱ्यामुळे काही होऊ शकतं का? की ते फक्त उंट-घोड्यांचं असतं?

उत्तर: छान प्रश्न, आणि होऊ शकतं. इतर वाचकांसाठी थोडक्यात, सऱ्या म्हणजे ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या रक्तातल्या परजीवीचा आजार. ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या पशुवैद्याने 1880 साली डेरा इस्माईल खानच्या घोड्या-उंटांत तो शोधला म्हणून लोकांना वाटतं की तो त्यांचाच. पण जुलै 2000 मध्ये भुवनेश्वरजवळच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत डझनभर वाघ गेले, त्यात पांढरेही होते, ते याच परजीवीने.

गोमाशी, म्हणजे गुरांना चावते ती मोठी माशी, तिच्या तोंडाला लागलेल्या रक्तातून हा एका जनावरातून दुसऱ्यात जातो. म्हशी-बैलांत तो बऱ्याचदा गपचूप असतो, दूध थोडं कमी, जनावर थोडं खंगलेलं, बस. तीच माशी तिथून उठून पिंजऱ्यातल्या बिबट्याला चावली की गोष्ट वेगळी. रानातला बिबट्या हलता असतो, पिंजऱ्यातला एका जागी, पळता येत नाही, झुडपात घुसून माश्या झटकता येत नाहीत, वर पकडल्याचा ताण, जखमा, उपास, म्हणजे लढायची ताकद आधीच अर्धी. दुसरा रस्ता म्हणजे ताजं कच्चं मांस. आजारी जनावर कापून लगेच खायला घातलं तर तोंडातल्या जखमेतून परजीवी आत जातो. म्हणून मांस तपासलेल्या जनावराचंच हवं.

लक्षणं काय, तर ताप चढतो-उतरतो, जनावर सुस्त, खाणं सोडतं, डोळ्यावर पांढरा पडदा, चालताना मागचे पाय लटपटतात, गोल फिरतं, झटके येतात. झटके दिसायला लागले की उशीर झालेला असतो. तुला एक सांगतो, कॉलेजात स्टेन केलेली स्लाइड दाखवतात ती वेगळी, पण ताप चढलेला असताना काढलेल्या ताज्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन, वर कव्हर स्लिप टाकून, लगेच मायक्रोस्कोपखाली बघ. परजीवी दिसायच्या आधी तुला लाल पेशी हलताना दिसतील. सगळं रक्त स्थिर आणि एकाच कोपऱ्यात पेशी धक्के खातायत, दोन-तीन बाजूला ढकलल्या जातायत, मग त्यांच्या मधून एक पातळ वळवळणारा धागा बाहेर येतो आणि परत आत घुसतो. एकदा पाहिलंस की विसरणार नाहीस. आणि एका वेळी दिसला नाही म्हणजे नाहीच असं समजायचं नाही, तो रक्तात लाटेसारखा येतो-जातो, परत परत नमुने घ्यायचे.

औषधं आहेत, डायमिनाझीन, क्विनापायरामाइन, सुरामिन, पण मांजरकुळात डोस आणि ताण दोन्ही नाजूक, अनुभवी माणूस सोबत हवाच. त्यापेक्षा पिंजरा गोठ्यापासून लांब ठेवणं, पावसाळ्यात आणि त्यानंतर माश्या वाढतात तेव्हा बारीक जाळी लावणं, आसपासच्या म्हशींचं रक्त तपासणं हे जास्त जीव वाचवतं. आणि रक्त हाताळताना ग्लोव्हज घाल. हा परजीवी सहसा माणसाला होत नाही, आपल्या रक्तातला एक घटक त्याला मारतो, पण 2004 साली आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला झाला होता, तपासल्यावर कळलं की त्याच्या रक्तात तो घटकच नव्हता. सुरामिनने तो बरा झाला.

एक जोड अजून लक्षात ठेव. 2018 मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत 23 सिंह गेले, त्यात कुत्र्यांचा डिस्टेंपर विषाणू आणि गोचडीतून येणारा बॅबेसिया दोन्ही सापडले. 1994 ला आफ्रिकेत सेरेंगेटीत साधारण हजार सिंह गेले तिथेही हीच जोडी होती. एरवी सिंह बॅबेसिया घेऊन आयुष्यभर फिरतो, पण विषाणूने प्रतिकारशक्ती पाडली की तोच परजीवी डोकं वर काढतो. म्हणून पिंजऱ्याच्या आसपास गावातली कुत्री फिरू द्यायची नाहीत.

प्रश्न: भायखळ्याच्या पेंग्विनना मच्छर चावले तर मलेरिया होतो का? — इयत्ता सहावी, अलिबाग

उत्तर: हो बाळा, होतो, पण आपला नाही, पक्ष्यांचा मलेरिया असतो वेगळा. आपल्याकडचे कावळे-चिमण्या तो पचवतात, पेंग्विन मात्र मरतात, आणि उघड्यावर पेंग्विन ठेवणाऱ्या देशांत तो त्यांच्या मरणाचं एक मोठं कारण आहे. भायखळ्याचे पेंग्विन बंद काचेच्या थंड खोलीत आहेत, त्यामुळे थंडावा मिळतो आणि डासही लांब राहतात.

प्रश्न: आमच्या संस्थेला जखमी माकडांसाठी मोठा पिंजरा बांधायचाय. काही म्हणतात खाली माती ठेवा, नैसर्गिक वाटतं, काही म्हणतात कोबा करा. काय करावं? — चिपळूण

उत्तर: यावर माझं मत पक्कं आहे. कोकणात जून ते सप्टेंबर माती सुकतच नाही, आणि ओली उबदार सावलीची माती म्हणजे जंतांच्या अंड्यांचा पाळणा. रानात माकड आज इथे शी करतं, उद्या दुसऱ्या झाडावर, परत त्याच जागी कधी येतं कुणास ठाऊक. पिंजऱ्यात तेच माकड त्याच मातीवर बसतं, त्याच मातीतला दाणा उचलून खातं, प्रत्येक फेरीला अंडी वाढत जातात. जंत तोच असतो, मात्रा शंभरपट होते. यातला स्ट्राँगिलॉइडिस तर फारच वाईट, त्याच्या अळ्या कातडीतून आत शिरतात, आणि आतल्या आत नवीन पिढी तयार करून परत त्याच जनावराला लागण करतात, बाहेर यायची गरजच नाही. गिबन, चिंपांझी, ओरांगउटान यांची पिल्लं त्याने गेलेली आहेत. मातीतला मोकळा अमिबा हाही एक प्रकार, 1986 मध्ये सॅन दिएगोच्या वाइल्ड अॅनिमल पार्कमध्ये एक गाभण मँड्रिल माकडीण मेली आणि तिच्या मेंदूत जो नवीन अमिबा सापडला त्याला पुढे तिच्यावरूनच बालामुथिया मँड्रिलारिस नाव दिलं.

पण म्हणून सगळीकडे गुळगुळीत कोबा केलात तर जनावराच्या बुडाला जखमा होतात आणि ते वेडं होतं. मधला मार्ग, खाली उताराचा कोबा, पाणी लगेच वाहून जाईल असा, वर चढायला भरपूर बांबू, दोर, फांद्या, आणि खाणं नेहमी उंच फळीवर, जमिनीवर कधीच नाही. शी रोज, पावसाळ्यात दोनदा उचलायची. जागा असेल तर दोन कप्पे करून एक रिकामा ठेवून उन्हात तापू द्यायचा. नवीन आलेलं माकड निदान महिनाभर वेगळं, आणि त्या काळात त्याची शी दोन-तीनदा तपासून मगच आत. झुरळांच्या फटी बुजवा. दक्षिण अमेरिकेतल्या माकडांत एक काटेरी डोक्याचा जंत असतो, प्रोस्थेनॉर्किस, तो झुरळातून पोटात जातो आणि आतड्याच्या भिंतीत डोकं रुतवून बसतो, भिंत फुटली की संपलं, औषधाने तो खात्रीने निघतही नाही. आपल्या रानातल्या माकडांत हा सहसा नसतो, पण झुरळ दुसऱ्या जंतांची अंडीही वाहतं.

प्रश्न: देवळाजवळ माकडांचा कळप आहे, भाविक खायला घालतात. केळ्यातून जंताची गोळी घातली तर पुण्याचं काम होईल ना? — गणपतीपुळे परिसर

उत्तर: काका, भावना चांगली आहे पण करू नका. कळपातला दांडगा नर दहा केळी खातो आणि पिल्लाला साल मिळते, म्हणजे एकाला जास्त डोस, बाकीच्यांना अपुरा, आणि अपुऱ्या डोसने जंत मरत नाहीत तर औषधाला सरावतात. त्यापेक्षा खायला घालणं थांबवलंत तर जास्त उपकार होतील, कारण एकाच जागी गर्दी जमली की सगळ्यांची शी तिथेच, माणसांची घाण तिथेच, आणि प्रसादाबरोबर सगळ्यांचे जंत सगळ्यांना.

प्रश्न: मी सर्पमित्र आहे. पकडलेले साप सोडायला उशीर होतो तेव्हा घरी ड्रममध्ये ठेवतो. शेजारच्या टाकीत एक कासव आहे, कुणीतरी आणून दिलेलं. गेल्या पावसात दोन अजगर रक्ताची शी करून मेले, कासवाला काही नाही. त्याला पण जंताचं इंजेक्शन देऊ का? — कुडाळ

उत्तर: दादा, कासवाला आयव्हरमेक्टिन चुकूनही देऊ नका! गुरांना, कुत्र्यांना चालणारं हे औषध कासवाला लुळं करून मारतं. हे गोठ्यात सहज मिळतं म्हणून लोक देतात.

आणि तुमच्या अजगरांचा संशय मला त्या कासवावरच आहे. एंटअमिबा इन्व्हेडन्स नावाचा अमिबा कासवात आणि मगरीत काही त्रास न देता राहतो, सापात गेला की मोठं आतडं कुजवतो. साप खाणं सोडतो, शेवटी शेपटीकडचा भाग कडक लागतो, रक्त आणि शेंबूड पडतो. कासवाचं पाणी, तेच मग, तीच हुक-काठी, तुमचे हात, एवढं पुरतं. कासव वनखात्याच्या ताब्यात द्या, ते घरी ठेवणं बेकायदेशीरच आहे. सापांचं सामान वेगळं करा आणि साप जितक्या लवकर त्याच परिसरात सुटेल तितकं बरं. आता ड्रममध्ये जे साप असतील त्यांच्यात कुणी सुस्त असेल तर डॉक्टरला दाखवा, मेट्रोनिडाझोलने वेळेत धरला तर वाचतो, पण आजारी साप तपासल्याशिवाय रानात सोडू नका.

प्रश्न: प्राणी रात्री मेला आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी येणार असतील तर तोवर काय करायचं? आम्ही डीप फ्रीजरमध्ये ठेवतो. — बचाव पथकातला एक कार्यकर्ता, दापोली

उत्तर: फ्रीजर नको. गोठलं की पेशी फुटतात आणि काचेखाली काही नीट दिसत नाही. बर्फाच्या पेटीत किंवा साध्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, पिशवीत बांधून ठेवा, पण घरच्या खाण्याच्या फ्रीजमध्ये अजिबात नाही. आपल्या दमट उकाड्यात चार-सहा तासांत आतडी सडायला लागतात, म्हणून वेळ लावू नका. आधी वनखात्याला फोन, पंचनामा त्यांचाच. जागेवरचे फोटो काढा, उलटी, शी, उरलेलं खाणं, पाणी सगळं दिसेल असे. ताजी शी स्वच्छ कोरड्या बाटलीत, बाटलीवर तारीख-वेळ. अंगावरच्या गोचड्या चिमट्याने काढून स्पिरिटच्या बाटलीत, पण दोडामार्ग-सावंतवाडीकडचं माकड असेल तर तेही नको, आरोग्य खात्याची माणसं येईपर्यंत लांब राहा. ग्लोव्हज आणि मास्क कायम. दहा टक्के फॉर्मॅलिन मेडिकल कॉलेजातून किंवा लॅबमधून आणून ठेवा, डॉक्टर कापतील तेव्हा यकृत, फुफ्फुस, आतडं, मेंदूचे बोटाच्या पेराएवढे पातळ तुकडे त्यात टाकायचे, आणि तुकड्याच्या दहापट तरी औषध हवं. आणि रिपोर्ट आला की एक झेरॉक्स तुमच्याकडेही ठेवा, कारण पुढच्या वेळी त्याच पिंजऱ्यात दुसरं जनावर यायच्या आधी तो कागद उघडून बघायचाय.